पूर्णेच्या खोऱ्यातून, सातपुड्याच्या पायथ्याने

वऱ्हाडचा नकाशा पुढ्यात घेऊन त्यावर पाण्याच्या खुणा शोधू लागले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जी तळी, जी धरणे आणि जे जलाशय आहेत, ते बहुतेक सर्व कडेकडेने वसलेले आहेत: काही उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या कुशीत, काही पूर्वेस पोहरा-चिरोडीच्या टेकड्यांत, तर काही दक्षिणेस वाशिमच्या पठारावरून उतरणाऱ्या नद्यांवर, आणि मधोमध पूर्णा नदीचे जे विस्तीर्ण, सपाट, काळ्याभोर मातीचे खोरे पसरले आहे, ज्याच्या कापसावर इंग्रजी अमदानीत मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे लागलेले असत, त्या खोऱ्यात मात्र मैलोगणती गोड्या पाण्याचा मोठा साठा दृष्टीस पडत नाही. याच नकाशावर जुने किल्ले, राजधान्या आणि रणक्षेत्रे यांच्या खुणा केल्या, तर त्याही बहुतांशी याच कडेवर येऊन बसतात. ही संगती ग्रंथ वाचून पटते खरी, परंतु ती अंगात मुरते ती सायकलीवरून. कारण मोटारीत बसलेल्याला पाण्याची आठवण तहान लागल्यावर होते, आणि सायकलस्वाराला मात्र पुढचे पाणी किती अंतरावर आहे याचा हिशेब प्रत्येक गाव मागे टाकताना करावा लागतो. हाच हिशेब या मुलखातले किल्लेदार, सरदार आणि बाजारपेठांचे सावकार शेकडो वर्षे करीत आले आहेत.

मार्ग सरळ आहे. अमरावतीहून वायव्येस परतवाडा-अचलपूर, तेथून डोंगराच्या पायथ्यापायथ्याने पश्चिमेस अंजनगाव सुर्जी आणि अकोट, मग दक्षिणेस वळून पूर्णा ओलांडून अकोला, आणि अकोल्याहून बाळापूर. डोंगरावरचे फाटे वगळले तर हा सारा प्रवास दोनशे किलोमीटरांच्या आत बसतो. चिखलदऱ्याचा आणि नरनाळ्याचा असे दोन चढ सोडले, तर वाट इतकी सपाट आहे की साध्या, एका गिअरच्या सायकलीनेही ती सुखाने उरकता यावी. ऋतू मात्र निवडून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा या सडकांवर दुपारी पाखरूही फिरकत नाही. पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि मडगार्डाला अशी लिंपून बसते की डांबरी सडक सोडून शेतवाटेला लागलेली सायकल शंभर पावलेही पुढे सरकत नाही. दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. तेव्हा कपाशी फुटलेली असते, तूर कमरेच्या वर आलेली असते, आणि ईशान्येकडून येणारा कोरडा वारा पश्चिमेकडे निघालेल्याच्या पाठीशी राहतो; म्हणून हा प्रवास अमरावतीहून अकोल्याकडे करावा, उलट करू नये. बाभळीच्या काट्यांचे भय सर्वकाळ असते, तेव्हा जादा ट्यूब, ठिगळे, पान्हा आणि पंप ही सामग्री बरोबर असलीच पाहिजे. पंक्चरवाला हमखास भेटतो तो तालुक्याच्या गावीच.

अमरावतीत पाणी आणि इतिहास ही दोन्ही प्रकरणे एकाच सकाळी पाहता येतात. शहराच्या पूर्वेस टेकड्यांच्या उतारावर वडाळी आणि छत्री हे दोन तलाव आहेत. ते इंग्रजी राजवटीत शहराला पाणी पुरवण्याकरिता बांधले गेले, आणि पुढे वस्ती वाढली तेव्हा ते अपुरे पडून आता अमरावती पाणी पिते ते मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या धरणाचे, ज्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे रम्य नाव दिलेले आहे. वडाळीच्या बांधावर पहाटे सायकल उभी करून पूर्वेकडे पाहिले, तर पोहऱ्याच्या जंगलाची काळसर रेघ आणि तिच्या पायाशी पाण्याचा पत्रा दिसतो. हिवाळ्यात परदेशी बदके येथे उतरतात, आणि त्यांच्यासाठी दुर्बिणी घेऊन बसलेली शहरातील तरुण मंडळी भेटतात. शहराच्या जुन्या भागात शिरताना जवाहर गेट लागते, ते त्या सुप्रसिद्ध परकोटाचे एक द्वार. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून धनवान व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून हैदराबादच्या निजामाच्या अमदानीत १८०७ साली या तटाचे काम सुरू झाले. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची वीसपासून सव्वीस फुटांपर्यंत, त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबा गेटातून बाहेर पडले की अंबादेवी आणि एकवीरा यांची देवळे येतात. या तटाचे दगड पुष्कळ ठिकाणी घरांच्या भिंतींत गडप झाले आहेत, दरवाजांच्या कमानीखाली हातगाड्या उभ्या राहतात, आणि तरीही सागवानी कवाडांचे लोखंडी खिळे बोटांनी चाचपता येतात. ज्या शहराने आपला तट अद्याप अंशतः तरी उभा ठेवला आहे, अशी शहरे विदर्भात थोडी, आणि त्या तटाचे जतन अधिक आस्थेने व्हावयास हवे असे मला मनापासून वाटते. शहर सोडण्यापूर्वी गरम गिलावडा खाऊन घ्यावा. पुढे बराच वेळ तसा मिळत नाही.

परतवाड्याची सडक बावन्न किलोमीटरांची. पहिल्याच टप्प्यात वलगाव लागते आणि वलगावाशी पेढी नदीचा पूल. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो याच परिसरात, प्रवासात असताना. ज्या पुरुषाने आयुष्यभर गावोगाव पायी हिंडून रस्ते झाडले आणि धर्मशाळा उभारल्या, त्याचा शेवटही एका सडकेवर, नदीच्या पुलापाशी व्हावा, ही घटना पायाने किंवा पायडलाने वाट तुडवणाऱ्या कोणालाही क्षणभर थांबवल्याशिवाय राहत नाही. पुढे आसेगाव येथे पूर्णा ओलांडावी लागते. बैतूलच्या डोंगरात उगम पावून ही नदी येथे मैदानात उतरते आणि पश्चिमेस वळून, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांचे पाणी गोळा करीत तापीला जाऊन मिळते. आसेगावच्या पुलावरून तिचे पात्र पाहताना मात्र एवढा मोठा प्रदेश हिच्या नावाने ओळखला जातो यावर विश्वास बसू नये इतकी ती हिवाळ्यात रोडावलेली असते. पूर्णा मागे पडली की शेतीचा रंग पालटतो. कपाशी आणि तुरीच्या जागी संत्र्याच्या बागा सुरू होतात, विहिरींवर मोटारी दिसतात, आणि उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळी भिंत हळूहळू वर येऊ लागते.

अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही वऱ्हाडची खरी राजधानी. बहमनी राज्याचे तुकडे होत असता १४९० मध्ये फत्तुल्ला इमाद-उल-मुल्क याने येथे स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. हा पुरुष मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू, लढाईत कैद होऊन बाटलेला आणि कर्तृत्वाने वऱ्हाडच्या सुभेदारीपर्यंत चढलेला. त्याच्या घराण्याने सुमारे चौऱ्याऐंशी वर्षे राज्य केले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड गिळंकृत केले, आणि १५९६ मध्ये चांदबिबीने ते मोगलांच्या हवाली केले. पुढे निजामाच्या अमदानीत पन्नी पठाण घराण्याचे नवाब येथे नांदले. एवढ्या राजवटी एका कसब्यावरून गेल्या, आणि आज दुल्हा गेट, बिच्छन नदीच्या काठचा दुल्हा रहमानशहाचा दर्गा, पडक्या वाड्यांच्या ओळी आणि अरुंद पुरे यांतून सायकल नेताना प्रत्येक वळणावर त्यांतल्या कोणत्या तरी एकीचा अवशेष आडवा येतो.

परंतु अचलपुरात ज्यासाठी मुद्दाम यावे ते गावाबाहेर आहे. पश्चिमेस तीनएक किलोमीटरांवर, शेतांच्या मधोमध, एका मोठ्या गोल तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा उभा आहे. त्याला हौज कटोरा म्हणतात. आज त्याचे तीन मजले शिल्लक आहेत. एके काळी वर आणखी मजले होते आणि त्यांचा दगड नवाबी काळात दुसऱ्या बांधकामासाठी उतरवून नेला, असे सांगतात. प्रत्येक मजल्याच्या आठही बाजूंना टोकदार कमानी आहेत, मजला जसजसा वर चढतो तसतसा तो आत सरकत जातो, आणि त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला मनोरा आहे त्याहून उंच भासतो. पावसाळा संपता संपता तलावात पाणी असेल, तर या कमानींची दुहेरी रांग, एक उभी आणि एक उलटी, दिसते. हिवाळा सरत आला की तळाची भेगाळलेली माती आणि तीवर चरणारी गुरे. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा खालच्या मजल्याच्या कमानीत चुन्याच्या गिलाव्याचा एक तुकडा अद्याप चिकटून होता, आणि त्यावरची पाकळ्यांची नक्षी नखाएवढ्या जागेत स्पष्ट दिसत होती. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या या मुलखात कोण्या राजाला पाण्याच्या मधोमध हवेशीर बसावेसे वाटले, त्यात विलास आहे हे खरे. परंतु त्या विलासापायी का होईना, डोंगरातून येणारे पाणी येथे अडवले गेले आणि भोवतालच्या विहिरींना झिरपा मिळाला असला पाहिजे, हेही तितकेच खरे. या वास्तूला आज राखणाऱ्याची आणि तिच्या तलावाला गाळ काढणाऱ्याची निकड आहे.

परतवाडा हे इंग्रजी छावणीचे गाव. सरळ रस्ते, जुने वृक्ष, संत्र्यांचा आणि सागाच्या लाकडांचा बाजार. येथून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट चढतो. अंतर तीसेक किलोमीटर, परंतु त्यात सातशे मीटरांहून अधिक उंची चढावयाची असल्यामुळे पहाटे निघालेल्या सायकलस्वाराचीही दुपार होते, आणि मधला बराच भाग सायकल हाती धरून चालावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही. घाटात पानगळीचे साग आणि बांबू, वळणावर एखादी कोरकू बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरताना दिसते, आणि वर मोथ्याच्या गवळ्यांकडे ताजा खवा मिळतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे; वऱ्हाडी माणसाला थंडीसाठी स्वेटर घालावा लागतो असे हे एकच ठिकाण. कॉफीची लागवड येथे इंग्रजांच्या काळापासून आहे. शक्कर तलाव आणि काळापाणी हे दोन जलाशय वस्तीलगत आहेत. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले ती दरी म्हणून भीमकुंड दाखवतात.

तेथून जवळच गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधला, फत्तुल्ला इमाद-उल-मुल्काने त्याची डागडुजी करून त्यास वैभव आणले, आणि अकबराच्या सुभे वऱ्हाडात गाविल हे एका सरकारचे ठाणे झाले. दिल्ली दरवाजावर गंडभेरुंडाचे शिल्प आहे. पंजात हत्ती धरलेला हा दोन डोक्यांचा पक्षी विजयनगरच्या मुलखातला, आणि तो येथे सातपुड्यात कसा आला याचे उत्तर दरवाजा ज्या घराण्याचा त्याच्या मूळपुरुषाच्या कुळकथेत सापडते. दरवाजा ओलांडून आत गेले की पाण्याचे महत्त्व कळते. एवढ्या उंचीवर, तिन्ही बाजूंना खोल दऱ्या असताना, गडाच्या सपाटीवर देवी तलाव, खान तलाव, मच्छी तलाव असे जलाशय एकामागून एक लागतात. पावसाचा थेंबही कड्यावरून वाया जाऊ नये अशी उतारांची योजना आहे. शिबंदी किती दिवस लढू शकेल हे दारूगोळ्याने ठरत नसे, ते या तळ्यांनी ठरत असे.

आणि शेवटी हा गड पडला तो पाणी संपून नव्हे, तर खिंडार पडून. इंग्रज-मराठे युद्धाचे १८०३ हे वर्ष आमच्या मार्गावरच्या चार गावांवर आपली मुद्रा उमटवून गेले आहे. २९ नोव्हेंबर रोजी अकोटच्या पश्चिमेस अडगाव आणि सिरसोलीच्या मैदानावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचे बंधू व्यंकोजी यांच्या फौजेचा आणि तिच्या साह्यास असलेल्या शिंद्यांच्या घोडदळाचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांच्या काही पलटणी प्रथम मागे पळाल्या होत्या आणि त्यांना पुन्हा उभे करण्यास खुद्द वेलस्लीला पुढे व्हावे लागले होते. तेथून तो गाविलगडावर आला. त्याचा सहकारी स्टीव्हनसन याच्या तुकडीने डोंगरातून दिवसचे दिवस तोफा ओढत नेऊन उत्तरेच्या बाजूस मोर्चे बांधले, आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या राजपूत शिपायांसह दरवाजात लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, पायथ्याच्या देवगाव येथे भोसल्यांनी तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन गड व त्यांच्या खालचे काही परगणे तेवढे त्यांच्याकडे राहिले. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांचा तह झाला. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि १८५८ मध्ये तात्या टोपे याने गाविलगडाचा आश्रय घेऊ नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडून टाकली. जो वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूवर जगप्रसिद्ध झाला, त्याच्या उमेदवारीची ही भूमी. परंतु बेनीसिंगाचे नाव घेणारा फलक मला गडावर कोठे दिसला नाही, आणि तो असावा.

परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीकडे जाणारी सडक ही माझ्या मते सबंध मार्गातली सर्वांत सुंदर. उजव्या हाताला सातपुडा अखंड सोबत करतो, डाव्या हाताला मैदान उतरत जाते, आणि मध्ये डोंगरातून आलेल्या लहानलहान नद्यांचे पूल. मधूनमधून नॅरो गेजचे रूळ दिसतात, गवतात बुडालेले: मूर्तिजापूर ते अचलपूर अशी शहात्तर किलोमीटर धावणारी शकुंतला रेल्वे, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापूस वाहण्यासाठी चालवलेली आणि आता बंद पडलेली. पथ्रोटच्या परिसरात त्या रुळांच्या बाजूने थोडे अंतर जाता येते. अंजनगावचे पाणी वेगळे आहे हे गावात शिरताच कळते, कारण येथे पानमळे आहेत. नागवेलीला सदोदित ओल लागते, सावली लागते, आणि गोड पाणी लागते. मळ्यात आत जाऊ दिले, तर अवश्य जावे. बाहेर कोरडा वारा आणि आत शेवरीच्या, पांगाऱ्याच्या आधारावर चढलेल्या वेलींची हिरवी, दमट काळोखी. पायाखालची माती मऊ, आणि वेलींच्या खाली पानपिंपळीची रोपे, जिच्या काळ्या बारीक शेंगा वाळवून औषधासाठी दूरवर जातात. याच तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. २३ फेब्रुवारी १८७६ ही त्यांची जन्मतिथी. अंजनगावच्या उत्तरेस शहानूर नदीवर धरण आहे, आणि त्याचे पाणी नळाने दर्यापूरच्या बाजूच्या गावांना जाते. ते का जावे लागते, हे अकोटच्या पुढे समजते.

अकोट हे कापसाचे आणि सुती सतरंज्यांचे जुने पेठेचे गाव. तेथून उत्तरेस पोपटखेडवरून शहानूर गाठावे, वनविभागाच्या नाक्यावर परवानगी घ्यावी आणि सायकल तेथेच ठेवावी. पुढचा सर्व प्रदेश मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत येतो, आणि वाघाच्या घरात एकट्यादुकट्याने सायकल फिरवणे ना कायद्याला धरून, ना शहाणपणाला. नरनाळा हा एकच गड नव्हे. मध्ये नरनाळा, एका बाजूस जाफराबाद आणि दुसऱ्या बाजूस तेलियागड, असे तीन गड एकमेकांना जोडलेले आहेत. चढताना शहानूर आणि मेहंदी हे दरवाजे ओलांडले की महाकाली दरवाजा समोर येतो, आणि तेथे घटकाभर बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. १४८७ मध्ये फत्तुल्ला इमाद-उल-मुल्काने तो बांधला, बहमनी सुलतानाच्या नावाने; स्वतंत्र होण्यास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता. फिकट वालुकाश्माचा हा दरवाजा काळ्या बेसाल्टाच्या डोंगरात एकदम उजळून दिसतो. कमानीच्या वर अरबी अक्षरांची पट्टी आहे. अक्षरांचे उभे दांडे भाल्यांच्या ओळीप्रमाणे एका उंचीला आणून लेखकाने मजकुराचे वेलबुट्टीत रूपांतर केले आहे. दोन्ही अंगांना कमळाची पदके, पुढे झुकलेले सज्जे, त्यांना दगडात कोरलेल्या जाळ्या. एका जाळीची भोके षट्कोनी, शेजारच्या जाळीची निराळी. रानातल्या डोंगरी किल्ल्याला असा दरवाजा बांधणाऱ्याच्या मनात शत्रूला अडवण्यापलीकडे आणखी काही होते.

गडावर मग पुन्हा तळी. शक्कर तलाव सर्वांत मोठा, आणि त्याशिवाय लहानमोठी इतकी की मोजदाद करणारे बावीस सांगतात. काही दगडी टाकी छत घालून झाकलेली आहेत, म्हणजे उन्हाने पाणी उडू नये. राणीमहालासमोर उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. सारे पूर्णेचे खोरे खाली अंथरलेले असते, आणि दूर धुरकट कडेवर अकोल्याच्या बाजूचा प्रदेश. नऊगजी तोफ त्याच दिशेला तोंड करून पडली आहे.

अकोट सोडून दक्षिणेस निघाले की पंचेचाळीस किलोमीटरांत वऱ्हाडचे दुसरे रूप समोर येते. हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन अशी आहे की तिच्या पोटातले पाणी खारट. नदीने आणलेल्या गाळाचे थर येथे फार खोल आहेत, माती चिकण, निचरा मंद, आणि त्यात क्षार साचून राहिलेले. विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते पिकाला घातले तर जमीनच नासते. म्हणून एवढ्या कसदार दिसणाऱ्या जमिनीत शेतकरी पावसावर कापूस, तूर, मूग आणि हरभरा घेतो, आणि आता शेतात शेततळे खणून पावसाचे पाणी धरून ठेवण्याची धडपड करतो. सडकेच्या कडेला एका हातपंपापाशी मी सायकल टेकवली आणि हात पुढे केला, तोच शेजारच्या खळ्यातून एक वृद्ध गृहस्थ लगबगीने आले.

“ते पानी नोका पेऊ जी, खारं हाये. या इकडं, नळाचं देतो.”

त्यांनी माठातले पाणी तांब्याने ओतले. तुमच्या लहानपणी काय प्यायचे, असे विचारले तेव्हा म्हणाले, “हेच पेत होतो बाप्पा. दुसरं होतं काय?” मग त्यांनी डोंगराकडे बोट केले: “हे वानचं पानी हाये. धरनाचं.” तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडाशी वान नदीवर हनुमान सागर हे धरण आहे, आणि त्याच्यावरच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेतून अकोट आणि तेल्हारा भागातल्या गावांना पिण्याचे पाणी मिळते. नरनाळ्याच्या टाक्यांत पाणी साठवणाऱ्या गवंड्याने जो विचार केला होता, तोच विसाव्या शतकातल्या इंजिनियराने अधिक विस्ताराने केला: गोडे पाणी डोंगरातच आहे, ते तेथेच अडवावे आणि खाली आणावे. फरक हा की गडावरचे पाणी शिबंदीपुरते होते, आणि हे पाणी त्या वृद्धाच्या माठापर्यंत पोचले आहे.

गांधीग्रामला पूर्णा पुन्हा भेटते, आसेगावी पाहिली होती तिच्याहून रुंद आणि संथ. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी येथे जो सोहळा असतो, तो पाहण्यासाठी पावसाळ्याची गैरसोय सोसूनही एकदा यावे. अकोल्याचे ग्रामदैवत राजराजेश्वर. त्याला अभिषेक करण्यासाठी हजारो तरुण येथून पूर्णेचे पाणी कावडींत भरून, अनवाणी, अठरा किलोमीटर चालत रात्रभराने अकोल्यास नेतात. १९४४ साली पावसाने ओढ दिली असता काही भक्तांनी ही प्रथा सुरू केली, अशी हकीकत अकोलेकर सांगतात. साध्या दोन मडक्यांच्या कावडीपासून शेकडो भरण्यांच्या पालखीवजा प्रचंड कावडीपर्यंत सर्व प्रकार त्या रात्री या सडकेवर असतात. ज्या खोऱ्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तेथले लोक नदीचे पाणी खांद्यावर वाहून देवाच्या पिंडीवर घालतात, यात या भूमीचा पाण्याविषयीचा सारा भाव आला.

अकोल्यात असदगड आहे, मोर्णेच्या काठी. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीत हे गाव होते, त्याच्यावरून हे नाव. बांधकामाचे साल १६९७. अगरवेशीवर मराठी शिलालेखही आहे, त्यात १८४३ साली गोविंद आप्पाजी याने काम केल्याचे नमूद आहे. हवाखान्यावर चढले की नदी, जुने शहर आणि राजराजेश्वराचे शिखर एका दृष्टिक्षेपात येतात. शहरात अधिक रेंगाळण्याजोगे सायकलस्वाराला फारसे नाही. कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारातल्या झाडांखालच्या सडका तेवढ्या अपवाद.

बाळापूर सव्वीस किलोमीटरांवर आहे, आणि वाट हमरस्त्याची असल्याने ट्रकांच्या गर्दीत सांभाळून जावे लागते. परंतु कष्टांचे चीज होते. मान आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंच टेकाडावर, एकात एक तटांचे वेढे घातलेला विटांचा भक्कम किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम आरंभले, आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये ते पुरे केले. पूर आला की किल्ल्याला सर्व बाजूंनी पाणी वेढते, एक चिंचोळी जागा तेवढी मोकळी राहते. डोंगर नसलेल्या मैदानात नद्यांनाच खंदकाचे काम दिलेले आहे. येथे दीर्घकाळ सरकारी कचेऱ्या होत्या, त्यामुळे तट पुष्कळसा शाबूत राहिला. नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री उभी आहे. काळ्या दगडाचे नक्षीदार खांब आणि वरची घुमटी राजपुतान्याच्या धाटणीची. पुरंदरच्या तहाने मराठ्यांच्या इतिहासात अजरामर झालेला हा सेनापती दक्षिणेच्या स्वाऱ्यांत येथे मुक्कामाला असे. एके काळी बाळापूरचा हातकागद नामांकित होता, आणि दप्तरांतून तो दूरवर वापरला जात असे.

ज्यांना आणखी सवड आहे, त्यांनी अकोल्याहून दक्षिणेस बार्शीटाकळीला जावे, तेथले कालिंका देवीचे बाराव्या शतकातले देऊळ पाहावे आणि पुढे महान येथे काटेपूर्णेच्या धरणावर मुक्काम करावा. अकोला शहर जे पाणी पिते ते येथले. जलाशयाभोवती अभयारण्य आहे, चौसिंगा आणि भेकर तेथे आढळतात, आणि हिवाळी पाखरांची गर्दी वडाळीपेक्षा कितीतरी अधिक. परतीसाठी रेल्वे सोयीची: अकोल्याच्या स्थानकावर पार्सल कचेरीत सायकल नोंदवून ती ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी आणि बडनेऱ्यास उतरवून घ्यावी. मात्र पायांत बळ उरले असेल, तर दर्यापूरच्या वाटेने परतणे अधिक चांगले; पूर्णेकाठी लासूरला आनंदेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे, त्याच नदीवर पुढे ऋणमोचनला यात्रेकरूंसाठी गाडगेबाबांनी बांधवून घेतलेला घाट आहे, आणि तेथून भातकुलीवरून येणारी शांत सडक थेट अमरावतीत शिरते.